सात यंत्रं नष्ट करण्याचा ठराव

गेटवर येणाऱ्या पाहुण्यांची वही बंद करायची आणि ती नोंद संगणकावर घ्यायची, एवढंच मूळ काम होतं. पुढे त्यात सात यंत्रं, दोन ठराव, एक वकील, एक सरकारी अधिकारी आणि तळमजल्यावरच्या काकूंचे चौदाशे बारा कागद आले, पण त्याला सेक्रेटरींचा इलाज नव्हता. काम छोटं असलं तरी रीतसर झालं पाहिजे असा त्यांचा आग्रह असे, आणि रीतसर करायला घेतलं की कुठलंही काम आपोआप मोठं होतं.

सेक्रेटरी म्हणजे अठ्ठेचाळीस घरांच्या एका सहा मजली सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्तीपूर्वी एकतीस वर्षं ते एका कार्यालयाच्या रेकॉर्ड विभागात होते. तिथे त्यांच्या हातून एक कागद हरवला नाही, हे ते स्वतः सांगत आणि ते खरंही होतं. सोसायटीत त्यांची निवड बिनविरोध झाली होती. दुसरं कोणी ते काम घ्यायलाच तयार नव्हतं, ही गोष्ट त्यांनी इतिवृत्तात लिहिली नव्हती.

सोसायटीचा सगळा कारभार संगणकावर होता, आणि संगणक सोसायटीत नव्हता. तो 'क्लाउड'वर होता. म्हणजे कुठल्यातरी लांबच्या मोठ्या इमारतीत कुणा कंपनीची हजारो यंत्रं रांगेनं उभी असतात, त्यातली सात सोसायटीनं भाड्यानं घेतली होती. खरं तर एकातच भागलं असतं. पण पाण्याच्या पंपाचं वेळापत्रक आणि लोकांच्या तक्रारी एकाच यंत्रात कशा ठेवायच्या, या मुद्द्यावर कमिटीत तीन सभा गाजल्या. शेवटी कपाटं वेगळी असतात तशी यंत्रंही वेगळी, असं ठरलं. नोटिसांचं एक, पंपाचं एक, तक्रारींचं एक, तक्रारी साठवायची डिस्क वेगळी, रोजची नक्कल काढून ठेवणारं एक, आणि उरलेली दोन कशासाठी होती हे इतिवृत्त बघितल्याशिवाय सांगता येत नसे.

ही मांडणी सेक्रेटरींच्या लेकीनं केली होती. ती दुसऱ्या शहरात याच विषयात नोकरी करायची. सात यंत्रांवर एकेक करून हात फिरवत बसायला नको म्हणून तिनं एक स्वयंचलित साधन लावून दिलं. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि उच्चारायला अवघड होतं, म्हणून सेक्रेटरी त्याला 'कारभारी' म्हणत. कारभाऱ्याची पद्धत सोपी होती. काय काय असलं पाहिजे ते एका फाईलमध्ये लिहायचं. कारभारी ती वाचतो, प्रत्यक्षात काय आहे ते बघून येतो, आणि काय नवं करणार, काय बदलणार, काय नष्ट करणार याचा आराखडा समोर ठेवतो. आपण 'हो' लिहिलं की कामाला लागतो. आपलं 'हो' आल्याशिवाय तो बोटही हलवत नाही, आणि आल्यावर कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

"बाबा, फाईलला हात लावू नका. काही हवं असेल तर मला फोन करा," असं लेक जाताना म्हणाली होती.

हे वाक्य सेक्रेटरींना लागलं. एकतीस वर्षं ज्यांनी फाईलला हात लावण्याचाच पगार घेतला, त्यांना पोटच्या मुलीनं हे सांगावं! पुढे पाहुण्यांच्या वहीचा विषय निघाला तेव्हा कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या मुलीला सांगू या का?" आणि सेक्रेटरींनी मान ताठ करून उत्तर दिलं, "तिला कशाला त्रास? मी आहे ना."

अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. समोरच्याचं तोंड उघडं असताना एकट्यानंच बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे सभा चालवायला ते उत्तम होते. ते म्हणाले, "करा मग."

सेक्रेटरींनी एक सबंध सकाळ लेकीची जुनी फाईल वाचण्यात घालवली. चार पानं होती. कुठलं यंत्र, केवढं, त्याला नाव काय, कोणाला आत सोडायचं, असा सगळा मजकूर. वाचता वाचता त्यांना बरं वाटायला लागलं, कारण हे तर चक्क परिपत्रकासारखं होतं. आणि परिपत्रक कसं काढायचं हे त्यांना शिकवायची कोणाची छाती नव्हती. विषय नवा, तर खंड नवा. त्यांनी जुन्या फाईलवर 'खंड एक, बंद' असं लिहिलं, तिची छापील प्रत काढून सही-शिक्क्यानिशी कपाटात लावली, संगणकावरची प्रत 'जुने' नावाच्या कप्प्यात हलवली, आणि तिच्या जागी 'खंड दोन' सुरू केला. त्यात फक्त एकच यंत्र लिहिलं, पाहुण्यांच्या नोंदीचं. बाकीच्या सातांबद्दल काहीच लिहिलं नाही. कशाला लिहायचं? ज्याबद्दल नव्या कागदात काही म्हटलेलं नाही ते पूर्ववत चालू राहतं. जगातली सगळी कार्यालयं याच समजावर उभी आहेत. तसं नसतं तर दर नव्या परिपत्रकाबरोबर पगार, रजा आणि पंखेसुद्धा नव्यानं मंजूर करावे लागले असते.

कारभारी मात्र कधी कार्यालयात बसलेला नव्हता. फाईलमध्ये जे नाही ते असायला नको, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं खंड दोन वाचला, क्लाउडवर फेरी मारून आला आणि आराखडा दिला. नवं करणार: एक. बदलणार: शून्य. नष्ट करणार: सात.

सेक्रेटरींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पण घाबरले नाहीत. रेकॉर्ड विभागात नवा खंड उघडला की जुन्या खंडाची कच्ची कव्हरं, दोऱ्या, चिठ्ठ्या नष्ट करण्याची यादी निघायची, आणि तिच्यावर दोघांच्या सह्या लागायच्या. ही तीच यादी असणार. यंत्र असून पद्धत पाळतं, याचं त्यांना कौतुक वाटलं. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनाला पटेना. 'हो' लिहायचा अधिकार एकट्या सेक्रेटरीला कसा? नष्ट करण्याचा विषय कमिटीपुढेच यायला हवा. त्यांनी आराखडा छापला, आठ प्रती काढल्या आणि सभेची नोटीस लावली.

रविवारच्या सभेत आराखडा वाचून दाखवण्यात आला. 'नष्ट' हा शब्द सात वेळा आला तेव्हा चौथ्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य अस्वस्थ झाले.

"सेक्रेटरी, शब्द फार कठोर आहे. 'निर्लेखित' म्हणता येईल का?"

"कारभाऱ्याचा शब्द आहे, सर. मला बदलता येत नाही."

"मग निदान इतिवृत्तात तरी सौम्य घ्या. उद्या कोणी वाचलं तर काय म्हणेल?"

यावर पंचवीस मिनिटं चर्चा झाली. एकानं सात ही संख्या जास्त आहे, सध्या पाच नष्ट करून बघू, अशी दुरुस्ती सुचवली. दुसऱ्यानं विचारलं की नष्ट करताना आवाज होणार आहे का, कारण त्याच्याकडे तान्हं बाळ आहे. अध्यक्ष म्हणाले, किडलेलं काढलेलं बरं. नक्की काय नष्ट होणार आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं ते फक्त काकूंनी.

काकू तळमजल्यावर, लिफ्टला लागून असलेल्या घरात एकट्या राहत. त्या कमिटीत नव्हत्या, पण प्रत्येक सभेला दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसत. अकरा वर्षांत त्यांनी सोसायटीकडे चौदाशे बारा तक्रारी नोंदवल्या होत्या. तक्रारींचं वेगळं यंत्र घ्यावं लागलं ते त्यांच्यामुळेच, असं सगळे खासगीत म्हणत. सेक्रेटरींच्या डोक्यावर काकू मिरे वाटतात, हे तर सेक्रेटरींची बायको उघडच म्हणे.

"या सातांमध्ये माझ्या तक्रारी आहेत का?" काकूंनी विचारलं.

प्रश्न साधा नव्हता. इमारतीची लिफ्ट गेली सात वर्षं मनात येईल तेव्हा दोन मजल्यांच्या मधे थांबत होती. ती बसवणारी कंपनी 'आमच्याकडे अशी तक्रारच नाही' म्हणून हात झटकत होती. शेवटी सोसायटीनं सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज केला होता, आणि सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती. सोसायटीकडे पुरावा एकच होता, तक्रारींची नोंद. 'सर्व नोंदी संगणकावर सुरक्षित असून सुनावणीच्या वेळी सादर करण्यात येतील' असं सेक्रेटरींनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं. त्यांच्या सहीचा एकही कागद आजवर खोटा ठरला नव्हता.

"काकू," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "नोंदी पूर्ववत राहतील."

"लिहा मग. माझा प्रश्न आणि तुमचं उत्तर, दोन्ही."

सेक्रेटरींनी लिहिलं. ठराव क्रमांक चौदा: सात यंत्रं नष्ट करण्यास मंजुरी. सूचक प्राचार्य, अनुमोदक अध्यक्ष. काकूंचा विरोध नोंदवण्यात आला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी 'हो' लिहिलं, आणि कारभाऱ्यानं अडकाठी घातली. तक्रारींच्या डिस्कला कुलूप आहे, सबब नष्ट करता येत नाही, आणि डिस्कपासूनच सुरुवात करायची असल्यानं बाकीचंही थांबवलं आहे, असा निरोप आला. ते कुलूप लेकीनं घातलं होतं. एखाद्या साध्या माणसानं इथे थांबून विचार केला असता की बुवा, पोरीनं कुलूप घातलंय ते कशासाठी? पण सेक्रेटरी साधे नव्हते. एकतीस वर्षांत त्यांनी अशी किती कुलपं बघितली होती! किल्ली कोणाकडे, अर्ज कोणाला, मंजुरी कोणाची, हे सगळं शोधून कुलूप काढणं यालाच ते काम म्हणत आले होते. त्यांनी पुन्हा नोटीस लावली. रविवारी पुन्हा सभा झाली. ठराव क्रमांक पंधरा: डिस्कचं कुलूप काढण्यास मंजुरी.

तरीही काम सोपं नव्हतं. कुलूप काढायला कंपनीच्या पानावर जाऊन खात्री द्यावी लागत होती. पहिल्यांदा विचारलं, नक्की का? मग विचारलं, हे परत मिळणार नाही, माहीत आहे का? मग डिस्कचं पूर्ण नाव स्वतःच्या हातानं लिहायला सांगितलं. सेक्रेटरींनी दोन बोटांनी टकटक करत ते लिहिलं आणि प्रत्येक पायरीचा छापा काढून क्रमांक घातला. आपलाच संसार मोडायला माणसानं इतके कष्ट घेतल्याचं उदाहरण सहसा सापडत नाही.

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, सुनावणीला पाच दिवस असताना, कारभाऱ्यानं काम फत्ते केलं. एक नवं केलं, सात नष्ट केली. सेक्रेटरींनी समाधानानं वेळ टिपून ठेवली आणि बायकोला म्हणाले, "बघ, सगळं रीतसर."

सव्वाअकराला पंपवाला विचारायला आला की आज वेळापत्रक दिसत नाही, पंप लावू का? साडेअकराला सोसायटीचं पान उघडत नाही म्हणून तिघांचे फोन आले. पावणेबाराला सेक्रेटरींनी तक्रारींचं यंत्र उघडायला घेतलं, तर असं यंत्रच नाही, असं उत्तर मिळालं. नक्कल ठेवणारं यंत्र उघडलं. तेही नव्हतं. ते सातातलंच एक होतं. सेक्रेटरींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लेकीला फोन लावला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, कुलूप होतं ना?"

"काढलं."

"का?"

"ठराव झाला होता."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "जुनी फाईल तरी आहे का?"

"म्हणजे काय! खंड एक. सही-शिक्क्यासकट आहे."

"ती परत जागेवर ठेवा आणि पाहुण्यांचं यंत्र तिच्याच खाली लिहा. जे जे हवंय ते सगळं एकाच ठिकाणी लिहायचं, बाबा. त्याला 'पूर्ववत' कळत नाही."

सेक्रेटरींनी तसं केलं. या खेपेला कमिटीला विचारलं नाही. हातपाय कापत असताना नोटीस लावता येत नाही. चौदा मिनिटांत आठच्या आठ यंत्रं उभी राहिली, पंपाचं वेळापत्रकसुद्धा फाईलमध्येच असल्यानं परत आलं, आणि एरवी सेक्रेटरींनी या गोष्टीवर अर्धा तास भाषण केलं असतं. पण डिस्क कोरी होती. कारभारी कपाट उभं करू शकतो, आतले कागद त्याच्याकडे नसतात. अकरा वर्षांची नोंद गेली होती, गुरुवारी सुनावणी होती, आणि 'सुरक्षित' या शब्दाखाली सेक्रेटरींची सही होती.

जेवणाच्या ताटावरून ते तसेच उठले. बायको म्हणाली, "आता कोणाला तोंड दाखवायचं ते आधी ठरवा."

"काकूंना," सेक्रेटरी म्हणाले.

लिफ्ट बंदच होती. पाच मजले उतरताना त्यांनी मनात तीन वेगवेगळी निवेदनं तयार केली, आणि काकूंनी दार उघडल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. "काकू, तुमच्या सगळ्या तक्रारी माझ्या हातून गेल्या," एवढंच ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आत या," त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढा."

आतल्या खोलीत भिंतीला लागून पुठ्ठ्याची नऊ खोकी होती. तक्रार नोंदवली की तिची प्रत काकूंच्या मेलवर यायची, आणि काकू कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ती छापून आणायच्या. चौदाशे बाराच्या चौदाशे बारा, तारीखवार, भोकं पाडून, दोरी ओवून ठेवलेल्या.

"माझा तुमच्या यंत्रावर कधीच विश्वास नव्हता," काकू म्हणाल्या. "तुमच्यावर होता. म्हणून तर विरोध नोंदवून घेतला."

सेक्रेटरींनी पहिलं खोकं उघडलं. एकतीस वर्षं त्यांनी दोऱ्या ओवल्या होत्या, पण इतकी नेटकी ओवलेली दोरी बघितली नव्हती. त्यांना एकदम भरून आलं, आणि ते लपवायला त्यांनी दोरीची गाठ तपासल्यासारखं केलं.

दुपारी तातडीची बैठक काकूंच्याच दिवाणखान्यात झाली. अध्यक्षांनी लगेच तोडगा काढला. "वाटून घेऊ आणि टाइप करून टाकू. तारखा जुन्याच टाका. आधी नोंद होती, आताही आहे. कोणाला कळतंय?"

"मला कळतं," सेक्रेटरी म्हणाले.

"अहो, पण सही तुमची आहे. अडकाल ती तुम्हीच."

"म्हणूनच. प्रत्येक नोंदीखाली लिहायचं, मूळ नोंद नष्ट, छापील प्रतीवरून आज पुन्हा घेतली, आणि घेणाऱ्याचं नाव. खोटी तारीख मी घालणार नाही, डॉक्टर. प्रकरण हरलो तरी चालेल. राजीनामा लिहून ठेवलाय."

राजीनामा खरंच लिहिलेला होता, दोन प्रतींत. प्राचार्यांनी तो तपासून एक वेलांटी दुरुस्त केली आणि परत दिला.

रविवारपासून इमारत टाइप करू लागली. काकूंच्या दारात दोन टेबलं मांडली. लिफ्ट बंद असल्यानं प्रत्येकाला त्यांच्या दारावरूनच जिना गाठावा लागे, आणि दहा नोंदी केल्याशिवाय काकू कोणाला वर सोडत नसत. कामावरून परतलेली माणसं डबा हातात धरून टाइप करत होती. पहिल्या दिवशी सगळे हसत होते. काकूंची तक्रार मोठ्यानं वाचायची आणि एकमेकांना टाळी द्यायची. जिन्यातला दिवा लुकलुकतो. टाकीच्या झाकणाला फट आहे. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी कुकरच्या शिट्ट्यांना ताल देतं.

मग लिफ्टच्या तक्रारी आल्या. त्या एकूण तीनशे शहाऐंशी निघाल्या, आणि त्या वाचताना हसणं कमी होत गेलं. 'आज सहाव्या मजल्यावरच्या सूनबाई पस्तीस मिनिटं अडकल्या. आठवा महिना आहे. मी दाराशी बसून बोलत राहिले.' 'आज प्राचार्य सर अडकले. त्यांना बंद जागेची भीती आहे, कोणाला सांगू नका म्हणाले, म्हणून नाव लिहीत नाही.' नाव वर लिहिलेलंच होतं. प्राचार्यांनी ती नोंद स्वतः टाइप केली आणि व्याकरण दुरुस्त केलं नाही. 'आज सेक्रेटरी अडकले. आतून ओरडले नाहीत. किती वाजले ते मात्र दोनदा विचारलं.'

सेक्रेटरींनी हात थांबवले. तळमजल्यावर राहणाऱ्या या बाईला लिफ्टनं कधी कुठे जायचंच नव्हतं. अकरा वर्षं त्यांनी तिला कटकटी समजून प्रत्येक तक्रारीवर 'पाहिले' असा शेरा मारला होता. त्यांना आपली लाज वाटली आणि त्यांनी ती तिथेच बोलून दाखवली. "काकू, मी नुसतं पाहिलं. वाचलं नाही."

"आता वाचताय ना," काकू म्हणाल्या. "सहा नोंदी राहिल्यात तुमच्या."

बुधवारी संध्याकाळी चौदाशे बारावी नोंद झाली.

गुरुवारी सुनावणीच्या खोलीत एका बाजूला लिफ्ट कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी, काकू आणि नऊ खोकी. मधे अधिकारी. अधिकाऱ्यांचा चेहरा सकाळपासून अकरा प्रकरणं ऐकलेल्या माणसाचा होता. वकिलांनी नोंद चाळली आणि त्यांचे डोळे चमकले.

"साहेब, ही सगळी नोंद गेल्या चार दिवसांतली आहे! संस्थेनं लिहून दिलं होतं की नोंदी सुरक्षित आहेत. मग मूळ नोंद कुठे आहे? ती कोणी नष्ट केली?"

"मी," सेक्रेटरी उभे राहून म्हणाले. "ठराव क्रमांक चौदा, सूचक चौथ्या मजल्यावरचे प्राचार्य, अनुमोदक अध्यक्ष. ठराव क्रमांक पंधरा, कुलूप काढण्याबाबत. हा यंत्रानं दिलेला आराखडा, प्रत्येक पानावर सही आहे. ही कुलूप काढल्याच्या पायऱ्यांची चित्रं, एक ते तीन. शनिवार, सकाळी अकरा दहा. हा या बाईंनी सभेत विचारलेला प्रश्न, आणि हे माझं चुकीचं उत्तर. तेही नोंदवलेलं आहे."

अधिकाऱ्यांनी पानं उलटली. आधी भरभर, मग सावकाश. ठराव पंधरापाशी आल्यावर त्यांनी रुमाल काढून तोंडाला लावला. ते खोकतायत की हसतायत हे कळायला मार्ग नव्हता.

"तुम्ही नष्ट करायला परवानगी मागितलीत, ती अडली, मग अडथळा काढायला पुन्हा परवानगी मागितलीत?"

"हो साहेब."

"आणि हे सगळं लिहून ठेवलंत?"

"लिहिलं नसतं तर रीतसर झालं नसतं, साहेब."

अधिकाऱ्यांनी खोकी उघडायला लावली आणि मधूनच वीस-पंचवीस कागद काढून संगणकावरच्या नोंदींशी ताडून पाहिले. सगळे जुळले, लुकलुकणाऱ्या दिव्यासकट. मग ते वकिलांकडे वळले. "आता तुमची देखभालीची वही द्या."

वही देखणी होती. सात वर्षांची नोंद एकाच शाईत, एकाच हातानं, दर महिन्याला 'तपासणी केली, लिफ्ट उत्तम'. अधिकारी एका पानावर थांबले. "वकीलसाहेब, तुमच्या माणसानं जूनच्या एकतीस तारखेला तपासणी केलेली दिसते."

वकिलांनी वही जवळ ओढून पाहिली. मग ते खाली बसले.

आदेश आठवड्यानं आला. कंपनीनं स्वतःच्या खर्चानं तीन महिन्यांत नवी लिफ्ट बसवून द्यावी. बातमी कळल्यावर लोक सेक्रेटरींच्या घरी येऊन गेले. अध्यक्षांनी राजीनाम्याच्या दोन्ही प्रती सगळ्यांदेखत फाडल्या. कागद फाटताना बघून सेक्रेटरींच्या जिवाचा थरकाप झाला. लेकीचा फोन आला. "बाबा, आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी असंच काही उडालं, आणि कोणी उडवलं ते अजून कोणी कबूल केलेलं नाही," ती म्हणाली. "तुमच्या त्या दोन ठरावांचे फोटो पाठवा. मला सगळ्यांना दाखवायचेत. माझे बाबा आहेत म्हणून सांगणारे." त्यावर सेक्रेटरींनी, फोटो कशाला, साक्षांकित प्रती पाठवतो, असं उत्तर दिलं आणि फोन ठेवल्याबरोबर शिक्का काढायला कपाट उघडलं.

पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा झाली. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस घरं हजर होती. आदेश वाचून झाला, टाळ्या झाल्या, आणि अध्यक्ष सभा संपवणार एवढ्यात दाराजवळच्या खुर्चीतून काकूंचा हात वर गेला. अकरा वर्षांत तो हात विरोधाशिवाय कशासाठीही वर गेलेला कोणी पाहिला नव्हता.

"नववा परिच्छेद वगळलात," काकू म्हणाल्या.

"तो माझ्याबद्दल आहे. त्याचं इथे काही कारण नाही," सेक्रेटरी पुटपुटले.

"कारण आहे. मी वाचते." काकूंनी पिशवीतून आदेशाची प्रत काढली, चष्मा नाकावर चढवला आणि एकेक शब्द सुटा करत वाचलं. "'या कार्यालयासमोर पुरावा नष्ट करणारे पक्षकार नेहमी येतात. मात्र तो नष्ट केल्याची तारीख, वेळ, कारण आणि स्वतःची चूक सहीनिशी घेऊन येणारे गृहस्थ प्रथमच आले. संस्थेच्या सचिवांच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास या कार्यालयास कोणतीही अडचण वाटत नाही.'"

सेक्रेटरींची बायको पदराच्या टोकाशी चाळा करत होती आणि नवऱ्याकडे बघत होती.

"हा परिच्छेद आजच्या इतिवृत्तात शब्दशः घ्यावा," काकू म्हणाल्या. "सूचक मी."

अनुमोदनाला एकदम तीस-चाळीस हात वर झाले. एकच अनुमोदक चालतो, असं सेक्रेटरींनी सांगितलं, पण कोणी हात खाली घेतला नाही. इतिवृत्त लिहिण्याचं काम नियमानं सचिवाचं, तेव्हा स्वतःबद्दलचं ते कौतुक त्यांना स्वतःच्याच हातानं लिहावं लागणार होतं. त्यांनी पेन उचललं. शेवटच्या वाक्यातला 'विश्वास' हा शब्द त्यांना खोडून दोनदा लिहावा लागला. काकू खुर्चीतून उठून त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि वहीत डोकावून म्हणाल्या, "खाडाखोड केलीत तिथे सही करा." सेक्रेटरींनी सही केली.